ओठ थांबले की नळ फिरवायचा

नूपुरचे ओठ हलत असले की लॅबमध्ये कुणी तिच्याशी बोलत नसे. हा नियम कुणी ठरवला नव्हता, तो आपसूक पडला होता. एम.एस्सी.ची नवी पोरं पहिल्या आठवड्यात चुकायची. मग संघपाल त्यांना बाजूला घेऊन सांगायचा, ताई व्हॅक्यूमवर आहेत, देवीचं संपू द्या, मग काय विचारायचं ते विचारा.

त्याचं असं होतं. या लॅबमधली बरीचशी रसायनं हवेचा वारा सोसत नसत. त्यांच्यासाठी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेची एक जोडनळी बसवलेली होती. सगळे तिला नुसतं 'लाइन' म्हणत. तिच्या एका नळीतून पंप हवा ओढून घेई, दुसरीतून नायट्रोजन येई. रिकामा फ्लास्क लाइनला जोडायचा, आतली हवा ओढायची, नायट्रोजन भरायचा. पुन्हा ओढायची, पुन्हा भरायचा. असं तीनदा झालं म्हणजे त्या फ्लास्कवर विश्वास टाकायचा. दर वेळी किती वेळ ओढायचं याला माप हवं. भिंतीवरचं घड्याळ केव्हाचंच बंद पडलेलं, आणि मोबाइल लाइनजवळ आणायला गाइड दीप्ती मॅडमची सक्त मनाई. एकदा कुणीतरी फोनवर बोलता बोलता उलटा नळ फिरवला होता, तेव्हापासून.

नूपुरनं मग आपलं घरचंच माप आणलं. महाल भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत आई भाताचं भांडं उतरवून झाकण ठेवायची आणि देवीचं स्तोत्र म्हणायला लागायची. स्तोत्र संपलं की भात मुरलेला. आजवर तो कच्चा निघाला नव्हता की चिकट झाला नव्हता. नूपुरला ते स्तोत्र शाळेत जायच्या आधीपासून पाठ. सकाळी अंघोळ करून, दिवा लावून ते म्हटल्याशिवाय ती घोटभर पाणीही घेत नसे. शुक्रवारचा उपास, चैत्रात कोराडीच्या देवीला जाणं, हे सगळं तिच्या दिवसांत इतकं बसलेलं होतं की त्याचा तिला भार नव्हता. लॅबमध्येही एका व्हॅक्यूमला एक स्तोत्र हा हिशेब चार वर्षं बिनतक्रार चालला होता.

त्या शुक्रवारी मे महिना ऐन भरात होता. केमिस्ट्रीच्या बाकी सगळ्या खोल्यांत कूलर घुरघुरत होते, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास व्हरांड्यात येत होता. या एका लॅबमध्ये मात्र कूलर लावायची सोय नव्हती. कूलर म्हणजे दमट हवा, आणि दमट हवा म्हणजे सगळ्या कामावर पाणी. त्यामुळे इथली माणसं घामानं निथळत आणि रसायनं मात्र बर्फाहून थंड भांड्यांत आरामात बसलेली. संघपाल म्हणायचा, पुढच्या जन्मी मले लिगँड करा.

लिगँड म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू. नूपुरनं सगळी पीएच.डी. अशाच एका रेणूवर काढली होती. 'तिथे तू करतेस तरी काय गं' असं आईनं विचारलं, तेव्हा ती डब्यातला बेसनाचा लाडू हातात घेऊन म्हणाली होती, "हा लाडू म्हणजे धातू. आणि ही माझी पाच बोटं म्हणजे पाच कार्बनची कडी. बाकीचे रेणू धातूला एका बोटानं चिकटतात. ही कडी पाचही बोटांनी धरते." त्या कडीचं नाव सायक्लोपेंटाडायनिल, पण ते आईला सांगून उपयोग नव्हता. नूपुरच्या कडीला वर एक लांब शेपूट जोडलेलं होतं. ते वळून पलीकडून धातूला आधार देईल असा तिचा दावा होता. लाडवाला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा तसा.

दावाच तो. तिचा संशोधनाचा पेपर तपासणाऱ्यांनी कळवलं होतं, की हे शेपूट खरंच धातूला धरतं याचा पुरावा द्या. पुरावा म्हणजे स्फटिक. स्फटिकातून क्ष-किरण पाठवले की अणू कुठे कुठे बसलेत ते उघडं पडतं. पेपर मान्य झाल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नव्हता, आणि तिची नोंदणी जूनअखेर संपत होती. एकदा मुदतवाढ झालेली, दुसरी मिळणार नव्हती. लिगँड बनवायला अख्खा हिवाळा गेला होता. त्यातलं आता एका छोट्या कुपीच्या तळाशी उरलं होतं, एका प्रयोगापुरतं. नवं करायचं तर त्याचा कच्चा माल बाहेरदेशातून यायचा, आणि तो येईपर्यंत पावसाळा सरला असता.

म्हणून त्या सकाळी लाइनला फ्लास्क जोडताना नूपुरनं बूच दोनदा दाबून पाहिलं. तिनं पदराशी चाळा करावा तसा ॲप्रनच्या बटणाशी चाळा केला, डोळे अर्धवट मिटले आणि स्तोत्राला सुरुवात केली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला संघपाल आपला फ्लास्क जोडत होता. पंपाची घरघर चालू होती. तिचे ओठ हलत होते. डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. शेपूट वळलंच नसेल तर? स्फटिक आलेच नाहीत तर? नोंदणी रद्द झाल्यावर महालातल्या लोकांना आई काय सांगेल? तिसरं स्तोत्र संपलं तसा तिनं नायट्रोजनचा नळ फिरवला.

पुढचं सगळं हातानं नेहमीसारखं केलं. फ्लास्क थंड भांड्यात उतरवला, सुईनं आत द्रावक सोडलं, मग कुपीतलं लिगँड शेवटच्या थेंबापर्यंत. मग ब्युटिललिथियम, थेंब थेंब. त्यानं कडीवरचा एक हायड्रोजन काढून घेतला आणि कडी जागी झाली. या अवस्थेत ती भुकेली असते. समोर धातू आला तर धातूला धरते, पण धातूच्या आधी हवा आली तर हवेलाच धरून बसते आणि मग कशाच्याच कामाची राहत नाही. द्रावण हळदीच्या पाण्यासारखं पिवळं झालं, जसं दर वेळी होत असे. आता तासभर ते तसंच फिरत राहू द्यायचं आणि मग धातू, म्हणजे टायटॅनियम, सोडायचं. नूपुरनं कपाळावरचा घाम पुसला. पहिला टप्पा पार पडला होता.

तेव्हा तिचं लक्ष संघपालकडे गेलं. तो आपला फ्लास्क उजेडाकडे धरून त्याच्याकडे आंबट तोंड करून बघत होता.

संघपाल कामठीचा. वडिलांनी यंत्रमागावर उभं राहून दोन्ही मुलांना शिकवलेलं. तो नूपुरच्याच वर्षाचा. त्याचं काम साध्या कडीवर होतं, शेपटाबिपटाशिवाय. त्याच्या कडीचं मीठ, म्हणजे क्षार, सोडियमचं, बाजारातल्या मालापासून दोन दिवसांत होणारं. बिघडलं तर तो एक शिवी घालून नवं लावायचा. ते मीठ चांगलं असलं की द्रावण पाण्यासारखं नितळ दिसतं. आज त्याच्या फ्लास्कमध्ये ते गुलाबी झालं होतं. रूह अफजाचा एक थेंब ग्लासभर पाण्यात पडावा तितपत.

"हवा लागली?" नूपुरनं विचारलं.

"लागली थोडी. बुचाचं ग्रीस खराब आहे साल्याचं."

ग्रीसचा डबा नवा होता. कालच तिनं स्वतः फोडला होता. नूपुरच्या मनात काहीतरी टोचलं. तिनं त्याला विचारलं, व्हॅक्यूम किती वेळ दिला होतास?

संघपाल जरा घुटमळला. चोरी पकडली गेल्यासारखा हसला.

"तुह्यासंगंच तर दिला. नेहमीच देतो. तुहे ओठ थांबले, की मी इकडं नळ फिरवतो. घड्याळ कोण पाहत बसंन वं."

नूपुरनं नायट्रोजनच्या नळाकडे पाहिलं. ती स्टुलावर बसली.

तिनं डोळे मिटले आणि सकाळचं स्तोत्र आठवायचा प्रयत्न केला. सुरुवात आठवत होती. पहिलं ध्रुवपद आठवत होतं. मग शेवटचा नमस्कार आठवत होता. मधलं? मध्ये देवीच्या हातांचं वर्णन येतं, एकेका हातात काय काय आहे ते. मग डोळ्यांचं. ते श्लोक तिच्या जिभेवरून आज गेल्याची काही खूणच सापडेना. ध्रुवपद तर प्रत्येक श्लोकामागे तेच. मन ठिकाणावर नसलं तर पहिल्या ध्रुवपदावरून माणूस थेट शेवटच्याला जाऊन पोचतो आणि त्याला पत्ता लागत नाही. लहानपणी आई तिला याच जागी पकडायची, म्हणायची, उडी मारलीस, मागे जा.

आज मागे जा म्हणणारं कुणी नव्हतं. तीन वेळा स्तोत्र म्हटलं, हे खरं. पण त्यातली किती पुरी आणि किती उडी मारलेली, हे ती देवीच्या पायांवर हात ठेवूनही सांगू शकली नसती. त्या फ्लास्कमधली हवा पुरती गेली नव्हती. संघपालच्या फ्लास्कमध्ये ती गुलाबी होऊन दिसत होती. तिच्या फ्लास्कमध्ये ती दिसायची सोय नव्हती, कारण तिचं द्रावण मुळातच पिवळं. आत काही जळत असलं तरी वरून हळदच दिसणार.

तिनं संघपालला सगळं सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की त्याला जवळ यावं लागलं. तुझ्या फ्लास्कचं ग्रीस ठीक आहे, माझ्या ओठांत चूक होती, तुझं कामही मीच बिघडवलं, असं ती म्हणाली. संघपालनं मान हलवली. त्याचं काय, तो उद्या नवं लावेल. तो तिच्या पिवळ्या फ्लास्ककडे बघत राहिला. त्याची थट्टा आता कुठल्या कुठे गेली होती. हिवाळाभर तिला ते लिगँड गाळताना त्यानं रोज पाहिलं होतं.

बाहेर व्हरांड्यात जाऊन तिनं दीप्ती मॅडमना फोन लावला. मॅडम परीक्षा घ्यायला अमरावतीला गेल्या होत्या आणि त्यांचा फोन बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. परत येताना तिच्या लक्षात आलं, की आपण मनातल्या मनात देवीशी बोलणी सुरू केली आहेत. हे वाचव, मी अनवाणी कोराडीला येईन. शब्द पुरे व्हायच्या आत तिची तिलाच लाज वाटली. सकाळी देवीचं नाव नळावर खर्ची घातलं, तेही अर्धवट, आणि आता तिच्याशीच सौदा. ती तिथेच थांबली, ओठ घट्ट मिटून घेतले आणि मग आत आली.

"संघपाल, तुझा फ्लास्क इकडे आण," ती म्हणाली.

दोघांचे फ्लास्क एकाच मापाचे होते, एकाच लाइनवरचे, एकाच चुकीचे. तिच्यात जितकी हवा राहिली असेल तितकीच त्याच्यातही राहिली असणार. तिचं काय होतंय ते दिसत नव्हतं, पण त्याचं दिसत होतं. गुलाबी रंग आहे तिथेच थांबला, तर आत राहिलेली हवा थोडीच होती आणि ती खर्ची पडली. गुलाबीचा तपकिरी झाला, कोऱ्या चहासारखा, तर हवा भरपूर होती, आणि मग तिच्या पिवळ्याखाली काही उरलं नसणार.

संघपालनं फ्लास्क तिच्या फ्लास्कशेजारी क्लॅम्पला लावला आणि मागे एक पांढरा कागद चिकटवला. दोघं स्टुलं ओढून समोर बसले. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात तसे.

काही वेळ गेला. थंड भांड्याच्या कडेला बाष्प साचून थेंब टेबलावर पडत होते. नूपुरला वाटलं रंग गडद झाला. तिनं विचारलं तर संघपाल म्हणाला, नाही, ढग आला असंन. खिडकीबाहेर मे महिन्याचं कोरं आभाळ होतं, ढगाचा ठिपका नव्हता. मग संघपालच पुढे वाकला आणि बराच वेळ बघत राहिला, तेव्हा नूपुरला राहवेना.

"काय?"

"थोडा चढला वाटते. गुलाबीच आहे पण."

"चढतोय की चढून थांबलाय?"

"मले नाही समजून राहिलं. तू पाय."

तिनं पाहिलं. रंग चढला होता. डाळिंबाचे दाणे पाण्यात चुरगळल्यावर येतो तसा. अजून तपकिरीचा मागमूस नव्हता, पण चढला होता. तिच्या डब्यात उपासाची साबुदाण्याची उसळ तशीच होती. संघपालनं पाण्याची बाटली पुढे केली. सकाळचा नेम झाला होता, पाण्याला हरकत नव्हती, तरी तिनं ती तशीच बाजूला ठेवली.

मग तिला दुसरीच भीती सुचली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. संघपालच्या फ्लास्कमध्ये मीठ भरपूर होतं. थोड्या हवेनं त्यातलं थोडंसंच मेलं असतं, बाकी रंगून का होईना पण शाबूत. तिच्या फ्लास्कमध्ये मुळात होतंच किती? कुपीच्या तळाचं. तेवढीच हवा तिच्यातलं किती खाऊन बसली असेल? पाव? निम्मं?

आणि टायटॅनियम? ते तर सगळं लिगँड शाबूत आहे असं धरून मोजून ठेवलेलं होतं. कडी निम्मी उरली असेल आणि टायटॅनियम पुरं पडलं, तर ज्या धातूला धरायला कुणी नाही तो तसाच मोकळा राहतो आणि सगळ्याचा चिकट काला होतो. त्यात स्फटिक येत नाहीत. टायटॅनियम फार कमी घातलं, तर उरलेली कडी दुसऱ्यांदा त्याच धातूला जाऊन चिकटते, भलतंच काहीतरी होतं. मापात घालायचं, तर माप कुठे होतं?

संघपाल म्हणाला, मॅडमची वाट पाहू, संध्याकाळी त्या परत येतील. नूपुरनं नकाराची मान हलवली. भांडं थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन संध्याकाळपर्यंत पुरला नसता, आणि या उकाड्यात ती भुकेली कडी नुसत्या गरमीनंच बिघडली असती. जे करायचं ते आताच.

ती पुन्हा गुलाबी फ्लास्ककडे वळली. या वेळी तिनं आशेनं पाहिलं नाही, भीतीनंही नाही. आई भाताच्या भांड्यावरचं झाकण उचलून शिताकडे बघते तसं पाहिलं. मघाचा डाळिंबाचा रंग. आणि आता? तोच. तिनं नजर दुसरीकडे नेली, थंड भांड्यात आणखी थोडा द्रव नायट्रोजन ओतला, वाफ विरू दिली, परत येऊन पाहिलं. तोच.

"थांबला," ती म्हणाली.

संघपालनं कागद सरकवून दुसरा लावला, नीट पाहिलं आणि सुस्कारा सोडला. थांबला होता.

नूपुरनं टायटॅनियमच्या द्रावणाची सुई भरली. आधी ठरवलेल्या खुणेपर्यंत भरली आणि मग त्यातलं थोडं परत सोडून दिलं. संघपालनं भुवया वर केल्या.

"अंदाजानं?"

"तुझा रंग किती चढला त्यावरून. पाव भाग गेला असं धरते."

"अन् जास्त गेला असंन तर?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. तिनं सुई बुचातून आत घातली आणि थेंब सोडायला सुरुवात केली. पहिला थेंब पिवळ्यात पडून नाहीसा झाला. दुसराही. तिसऱ्या थेंबापाशी पिवळ्यात एक लाल धागा उमटला, फिरला आणि विरला. मग पुन्हा उमटला आणि या वेळी विरला नाही. शेवटी सगळं द्रावण कुंकवासारखं लाल झालं. लाल म्हणजे कडीनं धातूला धरलं. किती कड्यांनी, कुणाला माहीत. संघपाल तिच्या ओठांकडे बघत होता. ते हलत नव्हते.

फ्लास्क फ्रीझरमध्ये गेला. पुढचे दिवस नूपुरनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. फ्रीझर उघडून बघायचं नाही, स्फटिकांना धक्का लागतो, म्हणून ती फ्रीझरच्या दारावर हात ठेवून परत यायची. दीप्ती मॅडमना तिनं सगळं सांगितलं होतं. स्तोत्राचं सांगताना तिला सर्वांत जड गेलं. मॅडम रागावल्या नाहीत. चार वर्षं हेच चाललं होतं आणि मला वाटत होतं तू मोजते आहेस, एवढंच म्हणाल्या. ते तिला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी सकाळचं स्तोत्र म्हणताना ती आता फार हळू म्हणत होती. देवीच्या एकेका हातापाशी थांबून. आईच्या ते लक्षात आलं. तिनं विचारलं, काय गं, परीक्षा जवळ आली का? नूपुर म्हणाली, हो.

मॅडमनी फ्रीझर उघडायची परवानगी दिली त्या दिवशी संघपाल बॅटरी घेऊन शेजारी उभा राहिला. फ्लास्कच्या भिंतीवर पिवळट भुकटीचा एक पट्टा जमला होता, हवेनं खाल्लेल्या भागाचा. संघपालनं बॅटरी खाली, तळाकडे नेली. तळाशी, भुकटीच्या पलीकडे, लाल ठिणग्या चमकल्या. फार नाही, साखरेचे चार दाणे सांडावेत तितक्या. पण कडा सरळ होत्या. क्ष-किरणाला एकच चांगला स्फटिक लागतो.

"आहेत वं," संघपाल हळूच म्हणाला. मोठ्यानं बोललं तर ते विरघळतील असं वाटावं इतक्या हळू.

त्यातल्या एकावरून चित्र निघालं. शेपूट वळलं होतं. पलीकडून धातूला धरून बसलं होतं. पेपर परत पाठवला तेव्हा जून अजून बराच शिल्लक होता.

लाइनजवळ आता सीताबर्डीहून आणलेला, स्वयंपाकघरात वापरतात तो टायमर आहे, कोंबडीच्या आकाराचा. वेळ झाली की टर्र वाजतो. नूपुर फ्लास्क जोडते, कोंबडी पिळते आणि नळाकडे बघत उभी राहते. ओठ मिटलेले. नव्या पोरांना काही सांगावं लागत नाही, ती कधीही येतात आणि काहीही विचारतात. संघपालनं पहिल्या दिवशी टर्र ऐकून कानावर हात ठेवले होते.

"देवीले घड्याळाच्या ड्युटीवरून सोडलं ते बरं केलं," तो म्हणाला. "पण तुह्याशी बोलायचं कधी अन् गप राहायचं कधी, हे आता मले समजूनच नाही राहिलं."

"व्हॅक्यूमवर असताना गप राहा," नूपुर म्हणाली, "आणि आपलं आपण मोज."